टेकडीवर, चिमणीसकट

गोरेवाड्याच्या मागच्या बिननावाच्या टेकडीवर
पर्णिका सात मिनिटांत पोचली,
बाबा पंचवीस.
मध्ये तीनदा बसले, तिन्ही वेळा
चपलेत खडा गेल्याचं सांगून.
हेमराज अजून खालीच,
तूर कापलेल्या धुऱ्यावर, फोन वर धरून.

माझ्या झोळीत बारा वड्यांची रंगपेटी,
आईच्या पातळाचा फडका,
आणि पाण्याच्या दोन बाटल्या.
एकीवर लिहिलंय : प्यायचं नाही.
दर वेळी कुणीतरी पितंच.

मी पळसासाठी आले होते.
सीताबर्डीच्या दुकानातून लाल वडी घेतली होती मुद्दाम,
शेंदरीच्या जवळची, महागडी.
पळस अजून काळ्या मखमली कळ्यांवरच अडलेला,
म्हणाला असेल, पुढच्या रविवारी या.
पुढच्या रविवारी हेमराजच्या मावसभावाचं लग्न आहे काटोलला.

म्हणून मग समोर जे होतं ते.
खुरटी बोरं. वाळलेलं गवत,
ज्याचा रंग पेटीत नाही,
तो पिवळ्यात थोडं मळकं पाणी घालूनच येतो.
पाण्याची एक चपटी पट्टी, जरा तिरपी आली.
पाणी तिरपं कसं असेल, पर्णिका विचारते.
आणि उत्तरेला, धुरकटात, कोराडीच्या चिमण्या.

"त्या सोडून दे न्," हेमराज वर आल्या आल्या म्हणाला,
धापा टाकत, संत्रं सोलत.
"निसर्ग काढून राहिली ना तू?
चिमणी कायले पाहिजे त्यात?"
"मला पाहिजे चिमणी," पर्णिका म्हणाली.
तिला उडणारी म्हणायचं होतं.
बराच वेळ दोघं दोन वेगळ्या गोष्टींवरून भांडत बसले,
आणि मी आभाळ ओलं करून घेतलं.

ओल्या आभाळाला थांबता येत नाही.
फेब्रुवारीचं ऊन अकरालाच कागद पिऊन टाकतं,
जे ठरवायचं ते चार श्वासांत.
मी चिमण्यांची जागा रिकामी ठेवली होती,
सोडल्यासारखी, न सोडल्यासारखी.

बाबा तोवर काही बोलले नव्हते.
एकतीस वर्षं त्यांच्या डब्याच्या पिशवीला
त्याच राखेचा वास होता.
आई दोरीवरचे कपडे झटकून झटकून घडी करायची,
आणि पाहुण्यांसमोर म्हणायची, वारा इकडचाच आहे आमच्या.
बाबा उठले, माझ्या खांद्यामागे आले,
गुडघ्यावर हात ठेवून वाकले.
"डावीकडची थोडी जाड हाय," म्हणाले.
"अन् धूर असा सरळ नाही जात वर.
आधी जराक वाकते. मग जाते."
बोटानं हवेत दाखवलं, कसा.
रात्रपाळीत तेवढंच एक पाहायला असायचं, म्हणे.

मी त्यांच्या बोटामागून ब्रश नेला.
जरा वाकून. मग वर.
वरच्या लाल पट्ट्यांना
पळसाची वडी पहिल्यांदा ओली केली.

हेमराजनं संत्र्याच्या फोडी वाटल्या.
बाबांनी तहान लागली म्हणून बाटली उचलली,
दोन घोट घेतले,
आणि मग वाचलं काय लिहिलंय ते.
"गवताचा रंग हाय," म्हणाले. "काही होत नाही."
हसताना त्यांचे दात पिवळसर दिसले,
नेहमीचेच कदाचित.

उतरताना चित्र पर्णिकाकडे दिलं, तळहातांवर,
गरम पोळी धरावी तसं.
घरी येऊन पाहिलं तर
आभाळात एक मुंगी चिकटून वाळलेली,
सहाही पाय पसरून,
आणि तिच्या शेजारी पेन्सिलीनं
कुणीतरी एक चोच काढलेली.

मुंगी मी नखानं काढायला गेले.
मग राहू दिली.
बाबांना फोनवर सांगितलं, चित्र वाळलं.
ते म्हणाले, बरं. आणि धूर?